बॅरल सहा, सभासद तीनशे

पत्र थोडक्यात असं: रायगड जिल्ह्यात, किनाऱ्यालगतच्या एका गावात या वाचक ताईंची छोटी मायक्रोब्रुअरी आहे. बिअर त्या स्वतः बनवतात. हिशेब आणि गिऱ्हाईक त्यांचे दीर सांभाळतात. ब्रूहाऊस (बिअर शिजवायची भांडी) ५०० लिटरचा, १००० लिटरचे चार फर्मेंटर (आंबवायच्या टाक्या) आणि पुढे टॅपरूम, म्हणजे नळावरची बिअर बसून प्यायची खोली. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी, पावसाळ्यात शुकशुकाट. भावोजींनी एक योजना मांडली आहे. नाशिकहून वाइनची सहा जुनी बॅरल आणायची, त्यांत बिअर मुरवायची आणि दुर्मीळ बिअरचा क्लब काढायचा. वर्षाची फी १२,००० रुपये, सभासद ३००. प्रत्येकाला वर्षभरात सहा बिअर, प्रत्येकीच्या ५०० मिलीच्या चार बाटल्या. पहिली बिअर ११ टक्के अल्कोहोलची स्टाउट, म्हणजे काळी, दाट बिअर. जमलेल्या ३६ लाखांत थंड खोली बांधायची. परदेशात सगळे असंच करतात, असं त्यांचं म्हणणं. ताईंना काळजी आहे ती वेगळीच. गावातली जी माणसं पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी येतात, त्यांना "ही बिअर तुमच्यासाठी नाही" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? क्लब काढावा का, आणि काढला तर कसा?

नमस्कार ताई,

क्लब काढा. पण ३०० जणांचा नको, बाटल्यांचा नको आणि थंड खोलीच्या पैशांसाठी तर मुळीच नको. पहिलं बॅरल चाखून झाल्यावर, ७०-८० जणांचा, टॅपरूममध्ये बसून ग्लासात प्यायचा क्लब काढा. दोन्ही योजनांत फी, सभासद, बॅरल सगळं आहे. तरी एक योजना तुम्हाला वर्षभर झोपू देणार नाही आणि दुसरी चालेल. असं का, ते सविस्तर सांगते.

आधी बॅरलचा हिशेब करू, कारण तुमच्या पत्रात सभासदांचा आकडा आहे, पैशांचा आहे, पण लिटरचा कुठेच नाही. वाइनचं बॅरल २२५ लिटरचं असतं. लाकडाने शोषलेलं, उडून गेलेलं, तळाचा गाळ आणि केगमध्ये (नळाला जोडायच्या धातूच्या पिंपात) भरताना वाया गेलेलं सोडलं तर हाताशी २०० लिटर धरा. भावोजींनी प्रत्येक सभासदाला एका बिअरचे २ लिटर कबूल केले आहेत. ३०० सभासद म्हणजे एका बिअरचे ६०० लिटर. एका बॅरलमधून २०० लिटर मिळणार आणि वाटायचे ६००! म्हणजे दर बिअरला तीन बॅरल, सहा बिअरना अठरा. बॅरलमध्ये बिअर चार महिने ते वर्षभर बसते, त्यामुळे एकाच वर्षात तेच बॅरल फिरवून भागवता येणार नाही. शिवाय सहातलं एखादं बॅरल बिघडणार, हे पहिल्या वर्षी तरी गृहीत धरावंच लागतं. आणि टॅपवर एक थेंबही उरणार नाही. गावातल्या माणसांचा जो प्रश्न तुम्हाला छळतो आहे, त्याचं मूळ इथेच आहे. इतकं कबूल करून बसल्यावर त्यांच्यासाठी ठेवणार काय?

परदेशातल्या उदाहरणांबद्दल. कॅलिफोर्नियातल्या 'द ब्रुअरी'चा सभासद क्लब प्रसिद्ध आहे. त्यांचा मुख्य धंदाच लाकडात मुरवलेल्या बिअरचा, त्यामुळे सभासदाला ठरलेल्या बाटल्या देता येतील एवढी बॅरल त्यांच्याकडे असतात. त्याच कॅलिफोर्नियात 'रशियन रिव्हर'ची 'प्लायनी द यंगर' वर्षातून एकदाच, थोडे दिवस मिळते. तिच्यासाठी सभासदत्व नाही, रांगेत उभं राहायचं आणि प्यायची. बेल्जियममधल्या सिंट-सिक्स्टस मठाची वेस्टव्लेटेरेन ही तर जगातल्या सर्वांत दुर्मीळ समजल्या जाणाऱ्या बिअरपैकी. तिथेही फी नाही. आधी नोंदणी करायची, गाडीचा नंबर द्यायचा, ठरल्या वेळी जाऊन क्रेट उचलायचे आणि पुढे विकायचे नाहीत. पूर्वी ही नोंदणी फोनवर व्हायची, २०१९ पासून ऑनलाइन होते. तेव्हा "सगळे असंच करतात" हे खरं नाही. थोडी असलेली बिअर वाटायच्या तीन तऱ्हा आहेत: पैसे आधी, रांग किंवा नोंदणी. तुमच्या ब्रुअरीला यातल्या दोन एकत्र करून वापरता येतील.

आता त्या ३६ लाखांकडे येते. भावोजी त्याला भांडवल म्हणतात. मी त्याला कर्ज म्हणेन, कारण ते फेडायचं आहे. फक्त पैशांऐवजी बिअरमध्ये फेडायचं. बँकेच्या कर्जाचा हप्ता आणि व्याज तुम्हाला आधी कळतं. या कर्जाचा हप्ता यीस्टच्या, लाकडाच्या आणि महावितरणच्या हातात आहे. जून २०२० मधलं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरला धडकलं तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, हे तुम्हाला मी सांगायला नको. तशा आठवड्यात थंड खोली बंद पडली, बिअर आंबट झाली आणि फीचे पैसे सिमेंट-पफ पॅनेलमध्ये गेलेले असले, तर परत कशातून करणार? थंड खोली हवीच आहे. तिच्यासाठी बँकेकडे जा. आणि खोलीच्या खर्चात ग्लायकॉल चिलरला (टाक्या थंड ठेवणाऱ्या यंत्राला) पुरेल असा जनरेटर पहिल्या दिवसापासून धरा.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ही ठेव नसते. पण कुठल्याही कारणाने, अगदी माल विकायची परवानगी न मिळाल्यानेही, ती परत करायची वेळ आली आणि १५ दिवस उलटूनही दिली नाही, तर अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याखाली ती ठेव धरली जाते. मद्याचा धंदा सगळा परवान्यावर चालतो. परवान्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, आणि तुमची योजना त्या तारखेच्या पलीकडे जाते. म्हणून फीसाठी वेगळं खातं उघडा. चार बिअर द्यायच्या असतील तर एक बिअर वाटून झाल्यावर चौथा हिस्सा धंद्याच्या खात्यात वळवा, त्याआधी हात लावू नका. असं केलं तर क्लबमधून थंड खोली उभी राहणार नाही, हे खरं आहे. त्यातून दुसरी गोष्ट मिळते: पुढच्या हंगामात कोणती बिअर किती जण पिणार, हे माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) मागवायच्या आधी कळतं. छोट्या ब्रुअरीला याची किंमत फार मोठी आहे.

११ टक्क्यांची स्टाउट तर सोडूनच द्या. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे मद्यासाठीचे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत. त्यांत ५ टक्क्यांच्या वरची बिअर स्ट्राँग आणि तिची कमाल मर्यादा ८ टक्के. परदेशी पाककृती जशीच्या तशी उचलली तर जी वस्तू तयार होईल तिला इथे बिअर म्हणून विकता येणार नाही. मर्यादेत राहूनही दमदार स्टाउट होते. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०७० आणि शेवटची १.०१८ ठेवली तर अल्कोहोल ६.८ टक्क्यांच्या आसपास येतं आणि अंगात गोडवा, जाडी राहते. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६७-६८ अंशांवर घ्या, थोडे ओट्स घाला. कमी अल्कोहोलची पोकळी त्याने भरून निघते. याहून वर का जायचं नाही, तर व्हिस्कीचं ओलं, नुकतंच रिकामं झालेलं बॅरल वापरलंत (स्टाउटला तेच का, ते पुढे सांगते) तर लाकडात मुरलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते. २०० लिटरच्या बॅरलमधून ६० टक्क्यांची ३ लिटर व्हिस्की उतरली तरी अल्कोहोल जवळजवळ ०.८ टक्क्याने वाढतं. ६.८ चे ७.६ होतात. ७.५ वर भरलं असतंत तर मर्यादा ओलांडली असती आणि सगळं बॅरल ओतून द्यावं लागलं असतं. बॅरलमधून काढल्यावर अल्कोहोल तपासून घेतल्याशिवाय केगवर नाव लिहू नका.

बाटल्यांचंही तसंच. मायक्रोब्रुअरी म्हणजे मुळात ताजी बिअर जागेवर देण्याची व्यवस्था. घरी न्यायच्या बाटल्या हा वेगळा विषय आहे. तुमच्या परवान्याच्या अटींत तो स्पष्ट लिहिलेला नसेल तर राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून लेखी उत्तर येईपर्यंत कुणालाही बाटली कबूल करू नका. तोंडी "चालतंय हो" वर तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर बाटली टाळण्यातच तुमचं भलं आहे. बाटलीत भरताना हवा शिरली की महिन्याभरात बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते, आणि सभासद ती बाटली मुंबईत मे महिन्याच्या उकाड्यात कपाटावर ठेवतो. नाव खराब होतं ते तुमचं. ग्लासात दिलीत तर तापमान, फेस, ग्लासची स्वच्छता सगळं तुमच्या हातात.

म्हणून माझा हिशेब असा. हंगामात चार बिअर, प्रत्येक बिअरचे २०० मिलीचे चार ग्लास. एका सभासदाला एका बिअरचे ८०० मिली. ८० सभासदांचे ६४ लिटर. २०० लिटरच्या बॅरलमधले १३० लिटरहून जास्त टॅपवर सगळ्यांसाठी उरतात. १६ ग्लास झाले; टॅपवर त्या ग्लासची किंमत ३५० रुपये ठेवलीत तर ते ५,६०० चे होतात, आणि सभासदाकडून ५,००० घ्या. जास्त सूट देऊ नका. सूट मोठी असली की लोक बिअरसाठी न येता सूट वसूल करायला येतात, आणि चौथा ग्लास तहान नसताना संपवतात.

एका फेरीत दोनच ग्लास, हा नियम लेखी ठेवा. साडेसात टक्क्यांची बिअर आहे. तुमचा सभासद रो-रोने गाडी घेऊन मांडव्याला उतरलेला असतो किंवा महामार्गाने परत जायचा असतो. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा १०० मिलीला ३० मिलिग्रॅम आहे, आणि ती फार लवकर गाठली जाते. चार ग्लास दोन फेऱ्यांत विभागले की माणूस दुसऱ्यांदाही येतो, हा फायदा आहेच. पण तो नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता दुर्मीळ म्हणजे काय, याचा जरा वेगळा विचार करून बघा. हवी तेवढी बनवता येणारी बिअर मुद्दाम थोडी बनवायची आणि दुर्मीळ म्हणून विकायची, हे लोकांना एक-दोनदा कळत नाही, तिसऱ्यांदा कळतं. तुमच्याकडे खरीखुरी दुर्मीळ वस्तू दाराशी आहे. रातांबे पिकतात एप्रिल-मे मध्ये, पावसाचे पहिले थेंब पडले की संपले. काजूची बोंडं तोडल्याच्या दिवशीच पिळावी लागतात, दुसऱ्या दिवशी ती आपोआप आंबायला लागलेली असतात. हापूसचं तर सांगायलाच नको. या बिअर थोड्या असतात त्या फळाचा हंगामच थोडा असतो म्हणून, आणि हे कुणालाही पटतं.

कोकमाची आंबट बिअर पहिल्या वर्षीच्या क्लबमध्ये असायलाच हवी. वर्ट (माल्टचं गोड पाणी) ४० अंशांपर्यंत थंड करा, लॅक्टिक ॲसिडने पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.५ वर आणा म्हणजे नको ते जंतू माजत नाहीत, मग लॅक्टोबॅसिलस हे आंबट करणारे जंतू टाका आणि वरून कार्बन डायऑक्साइड सोडून झाकण घट्ट लावा. २४ ते ४८ तासांत पीएच उतरतो. नेहमी ३.३ पर्यंत नेतात, तुम्ही ३.५ ला थांबा, कारण उरलेला आंबटपणा कोकम आणणार आहे. मग उकळून जंतू मारा आणि नेहमीचं यीस्ट घाला. कोकमासाठी आगळ वापरायचा मोह होईल, तो आवरा. आगळात मीठ किती, हे घरागणिक बदलतं, आणि बिअरला लिटरमागे साधारण १ ग्रॅम मीठ पुरतं. मे महिन्यात रातांब्यांच्या साली बिनमिठाच्या घेऊन डीप फ्रीजरमध्ये ठेवा. प्रमाण ठरवायला तयार बिअरच्या एक-एक लिटरच्या तीन बरण्या करा; १०, २० आणि ३० ग्रॅम साल घालून दोन दिवस थंड ठेवा. प्यायला बसल्यावर फरक लगेच कळेल, रंगही तिथेच दिसेल. एक अडचण ध्यानात ठेवा: हे आंबवणं केटलमध्ये होतं, तेवढे दोन दिवस ब्रूहाऊस अडतो. ते सुट्टीच्या गर्दीआधीच्या आठवड्यात करू नका.

हापूसच्या बिअरमध्ये चूक होते ती साखरेची. लिटरला १५० ग्रॅम रस घातला तर त्यात साधारण २४ ग्रॅम साखर असते. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की एक व्हॉल्यूम, म्हणजे लिटरभर बिअरमागे लिटरभर, वायू वाढतो. २४ ग्रॅमचे सहा होतात. केगचा सेफ्टी व्हॉल्व्ह सुटतो, बाटली असेल तर फुटते. रस घालायचा तो मुख्य आंबणं संपल्यावर, फर्मेंटरमध्येच, १८-२० अंशांवर. आणि लागोपाठ तीन दिवस ग्रॅव्हिटी हलली नाही की मगच थंड करायचं. नावाबद्दलही काटेकोर राहा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या फळाला. डब्यातला रस दुसरीकडचा असेल तर फळ्यावर नुसतं 'आंबा' लिहा.

बॅरलबद्दल पत्रात फक्त "सहा जुनी बॅरल" एवढंच आहे, आणि मला सगळ्यांत जास्त धास्ती तिथेच वाटते. वाइनचं जुनं बॅरल निर्जंतुक करता येत नाही. वाइन लाकडात काही मिलिमीटर आत मुरलेली असते आणि तिच्याबरोबर जंगली यीस्ट आणि जंतूही. गरम पाणी तिथवर पोचत नाही. त्यामुळे वाइनच्या बॅरलमध्ये स्वच्छ चवीची स्टाउट घालाल तर चार महिन्यांनी ती आंबट निघण्याची भीती खरी आहे. वाइनच्या बॅरलमध्ये आंबटच बिअर घाला, तिथे ते जंतू कामाला येतात. स्टाउटसाठी व्हिस्कीचं नुकतंच रिकामं झालेलं बॅरल घ्या. सिंगल माल्ट बनवणारे कारखाने गोव्यात आणि बंगळुरात आहेत. उग्र मद्याने लाकूड आतून बरंच स्वच्छ राहिलेलं असतं. आल्यावर फार दिवस ठेवायचं नाही, दोन आठवड्यांत भरून टाकायचं.

सहाची सहा एकदम आणू नका. दोन आणा.

वाइनचं बॅरल आलं की झाकण उघडून आधी वास घ्या. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला तर परत पाठवा. हा वास धुऊन जात नाही. वास चांगला असेल तर पाण्याने भरून रात्रभर ठेवा, फळ्या फुगून सांधे बसतात. सकाळी ठिबक दिसली तर आणखी एक दिवस. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड कोरडं पडणार नाही असं वाटतं, आणि मोकळ्या गोदामात ते खरंही आहे. पण बॅरल थंड खोलीत गेलं की एसी हवेतला ओलावा खेचून घेतो आणि सांधे उघडायला लागतात. खोली १३ ते १५ अंश आणि आर्द्रता ६५ ते ७५ टक्के राहिली पाहिजे. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लावा. उलट बाजूने पावसाळ्यात बाहेरच्या अंगावर बुरशी धरते, ती आठवड्याला पुसून काढायची.

तीन-चार आठवड्यांनी बॅरलची पातळी उतरते. तेवढी जागा तशीच राहिली की तिथे हवा साठते, आणि हवा मिळाली की बिअरचं व्हिनेगर होतं. म्हणून त्याच बिअरचा २० लिटरचा एक केग वर भरायला राखून ठेवा. चव बघण्यासाठी वरचं बूच मात्र उघडू नका. बॅरलच्या तोंडाच्या सपाट फळीला, मधल्या उंचीवर, ४ मिलिमीटरचं भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलचा खिळा ठोका. चाखायचं असलं की खिळा उपसायचा. बारीक धार येते, ५० मिली घ्यायची आणि खिळा परत ठोकायचा. बूच न हलल्याने आतल्या बिअरवर हवा जात नाही. महिन्यातून एकदा पुरे. वहीत तारीख, पीएच, ग्रॅव्हिटी आणि दोन शब्दांत चव. व्हिनेगर चढू लागलं असेल तर दुसऱ्या बॅरलमध्ये मिसळून वाचवायला जाऊ नका, दोन्ही जातील. आणि आंबट बिअरचे होज, गॅस्केट, नळ वेगळे ठेवा, त्यांना लाल टेप लावा. हे पाळलं नाही म्हणून नेहमीच्या लागरला आंबट वास यायला लागला की दोष शोधण्यात महिने जातात.

आता तुमच्या मुख्य काळजीकडे. गावातल्या माणसांना वाईट वाटेल, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. त्यांना क्लबचं वाईट वाटणार नाही असं मला वाटतं. वाईट वाटेल ते समोर नळ दिसत असताना "हे सभासदांसाठी" हे ऐकायचं. मासळीचा लिलाव आटपून आलेल्या किंवा रिसॉर्टमधली पाळी संपवून आलेल्या माणसाला पाच हजार एकदम काढणं जड आहे. पण साडेतीनशेचा एक ग्लास तो महिन्यातून एकदा हौसेने घेईल. म्हणून नियम असा करा: सभासदाचा ग्लास राखून ठेवलेला, पण बिअर सगळ्यांसाठी उघडी. सभासद फी भरतो ती खात्रीची. मुंबईहून शंभर किलोमीटर आल्यावर "संपली" ऐकावं लागू नये, यासाठी. गावातल्या माणसाला ती खात्री विकत घ्यायची गरज नाही, तो उघडल्या दिवशी समोरच असतो. आणि नव्या बॅरलचा पहिला केग बुधवारी किंवा गुरुवारी उघडा, शनिवारी नको. दोन दिवस गावाचे. हे तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही, लोकांच्या आपोआप ध्यानात येतं. पुढेमागे गावातल्या कुणाला सभासद व्हायचंच असलं तर दर ग्लासमागे पैसे भरत जायची मुभा द्या.

वेळापत्रक पर्यटकांच्या नाही, आपल्या पंचांगाच्या हिशेबाने लावा. श्रावणात गावात बिअर खपत नाही, गेटवेवरून मांडव्याच्या साध्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, गणपतीत घरोघर माणसं असली तरी टॅपरूमला वेळ कुणाला? म्हणून क्लबचा हंगाम नोव्हेंबर ते मे. सभासदाला एक तारीख देऊ नका, सहा आठवड्यांची मुदत द्या. मधे २६ जानेवारीसारखा कोरडा दिवस किंवा निवडणूक आली तरी अडत नाही. मुदत संपल्यावर न घेतलेले ग्लास टॅपवर जातात, हेही नोंदणीच्या कागदावर असू दे. त्याच कागदावर आणखी चार गोष्टी: बॅरल बिघडलं तर त्या बिअरचा हिस्सा, म्हणजे १,२५० रुपये, १० दिवसांत परत, परवान्याचं नूतनीकरण अडलं तरी तसंच, सभासदत्व दुसऱ्याला विकता येणार नाही, आणि सभासदाचं वय २१ पूर्ण, मद्य पिण्याचा परवाना असलेला. बिअर बिघडल्यावर "त्याऐवजी दुसरी घ्या" म्हणून भागवू नका. पैसे परत आले की माणूस पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवतो.

जाहिरातीत मात्र जपून. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम २४ प्रमाणे मद्याची जाहिरात करता येत नाही. इन्स्टाग्रामवर "आजच सभासद व्हा, दुर्मीळ बिअर मिळवा" असं टाकणं म्हणजे आपल्या हाताने कागद पुरवणं आहे. नोंदणी टॅपरूमच्या काउंटरवरच करा. ८० माणसं तुमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांतूनच मिळतील. तेवढी मिळत नसली तर क्लबची वेळ अजून आलेली नाही असं समजा.

कराचं एक कलम सीएशी बोलून आधीच मिटवा. बिअर जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट. पण नुसत्या सभासदत्वाची फी ही सेवा धरली जाते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी येतो. ५,००० मधले किती बिअरचे आणि किती सेवेचे, हे पावतीवर वेगळं दिसलं पाहिजे. सगळी रक्कम १६ ग्लासांचीच दाखवायची असेल तर तसं स्वच्छ लिहा, आणि ग्लास दिल्यावरच विक्री नोंदवा.

ज्यांच्याकडे बॅरलला जागाच नाही, अशा छोट्या टॅपरूमवाल्यांनी याहून सोपी गोष्ट करावी: मगचा क्लब. वर्षाला हजार-बाराशे रुपये, भिंतीवरच्या खुंटीला सभासदाचा नंबर घातलेला मग, आणि नव्या बिअरचा पहिला घोट त्याला. जितक्या खुंट्या तितके सभासद, त्यामुळे कबूल केलेलं हाताबाहेर जात नाही. मग कुठल्या कारागिराकडून करून घेणार असाल तर झिलई शिशाची नाही ना, याची खात्री करा. आंबट बिअरमध्ये शिसं उतरतं.

भावोजींना हे कसं सांगायचं, तर वाद घालू नका, कागद पुढे ठेवा: ६०० लिटर वाटायचे, २०० लिटर हातात. मग दोन बॅरलचा प्रयोग सुचवा. गणपती विसर्जन झालं की एकात स्टाउट, एकात कोकमाची आंबट भरा. डिसेंबरमध्ये खिळा काढून स्टाउट चाखा. चांगली असेल तर त्याच आठवड्यात काउंटरवर वही ठेवा आणि त्या एकाच बॅरलसाठी नावं घ्या, चार ग्लासांचे १,२५० रुपये. वर्षाची फी पहिल्या खेपेला घेऊच नका. किती नावं येतात, किती जण खरोखर परत येतात, मुदतीअखेर किती ग्लास शिल्लक राहतात, हे तीन आकडे मार्चपर्यंत हाताशी येतील. कोकमाचं बॅरल तोवर थांबेल, त्याला घाई नसते. पुढच्या नोव्हेंबरात ८० जणांचा क्लब उघडायचा की ४० जणांचा, हे तुम्ही दोघं ते आकडे बघून ठरवा.